कासेवरचे फोड

पलूस तालुक्यातल्या त्या गावात मी गेलो तेव्हा शाळेतल्या सात मुलांच्या ओठांभोवती फोड होते. मधोमध खळगा, कडेला लाल वर्तुळ, काहींवर काळी खपली. मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात काम करत होतो.

या फोडांचे कारण गावाने आधीच ठरवले होते. माळावर ऊसतोड मजुरांची टोळी उतरली होती आणि टोळीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीच्या मनगटावर तसेच फोड होते. मुख्याध्यापकांनी तिला शाळेतून घरी पाठवले होते. दूध सोसायटीचे चेअरमन मला म्हणाले, "ती लोकं आंघूळ करत न्हाईत. पोरांत बसवली की हेच होणार. लिवा तुमी." त्यांचा सहा वर्षांचा नातू शेजारी उभा होता. ओठावरची खपली खरवडून तो बोट चड्डीला पुसत होता.

मी लिहिले. मथळा होता, 'ऊसतोड मजुरांच्या मुलांमुळे संसर्ग?' प्रश्नचिन्ह टाकले की जबाबदारी संपते, हे आमच्या कचेरीत कुणी शिकवत नाही, पण सगळे शिकतात.

दोन दिवसांनी मुलीच्या आईने मला सोसायटीसमोर गाठले. बीडकडची बाई, हातात कोयता, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"साहेब, माझ्या लेकीला शाळेत घ्यायला सांगा. ती पाचवीत हाय. औंदा वर्ष बुडलं तर तिचा बाप पुढं शिकवायचा नाय, तिच्याबी हातात कोयता देईल."

मी म्हणालो, आरोग्य खात्याचा अहवाल आल्याशिवाय काही लिहिता येत नाही.

"मग आधीचं कसं लिवलं?"

मी वही खिशात घातली.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याच्या एक तरुण डॉक्टर आल्या. मुलांच्या आणि त्या मुलीच्या खपल्या त्यांनी छोट्या नळ्यांत घेतल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, दूध कुठे पितोस? सातही मुलांनी चेअरमनच्या गोठ्यात असे सांगितले. धार काढताना शेजारी उकिडवे बसायचे, तोंड उघडायचे आणि काढणाऱ्याने सड वळवून धार थेट तोंडात सोडायची. धारोष्ण दुधाने पोर पैलवान होते, अशी या भागातली समजूत. चेअरमननी आपली म्हैस अंगणात आणून, नातवाला बसवून ते अभिमानाने करूनही दाखवले.

म्हशीच्या कासेवर फोड होते. दोन फुटलेले, त्यांतून पिवळट पाणी येत होते. त्यावर हळद आणि तूप लावलेले होते. हळदीचा ओघळ चेअरमनच्या बोटांवरून चरवीत उतरत होता. नातवाने मनगटाने तोंड पुसले.

डॉक्टर म्हणाल्या, "म्हशीच्या खपल्याही घ्याव्या लागतील. गोठाही बघायचाय."

"मॅडम, म्हशीचं आधार कार्डबी बघणार का?" चेअरमन हसले. मग हसू ओसरले. "गोठ्यात नगा शिरू. डेअरीचं नाव जातंय."

डॉक्टर शिरल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात त्या मुलीची आई शेण भरत होती. रोज पहाटे तोडीला जाण्याआधी ती हे काम करी, अर्धा लिटर दुधावर. मुलगी तिच्याबरोबर येई आणि रेडकाला धरून उभी राही. रेडकाच्या नाकपुडीवरही फोड होते.

अहवाल पुण्याहून आला. डॉक्टरांनी मला तो समोर बसवून समजावला. विषाणू म्हशींच्या देवीचा, मुलांमध्ये क्वचितच नोंदवला जाणारा. त्याची जनुकीय क्रमवारी सातही मुलांत, त्या मुलीत आणि चेअरमनच्या म्हशीत सारखीच निघाली. शिवाय गुरांच्या दवाखान्याच्या वहीत ती म्हैस फोडांसाठी आधीच नोंदलेली होती. तेव्हा टोळी गावात आलेलीही नव्हती.

ती वही लपवलेली नव्हती. कुणी मागितलीच नव्हती. मीही नाही.

नवी बातमी आतल्या पानावर आली, चार ओळी. 'चेअरमन' हा शब्द संपादकांनी काढला. 'एका गोठ्यातील' असे राहिले. मी वाद घातला नाही.

अंक घेऊन मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी तो वाचून घडी घातली. "मला पटतंय हो. पालकांचं काय? ते पयलीच बातमी धरून बसल्यात."

"ती मुलगी उद्या येईल," मी म्हणालो.

"येऊ दे. पण पोषण आहाराचं ताट घरनं आणायचं. आणि बसायचं जरा लांब."

हे मी तिच्या आईला सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने फक्त विचारले, "हजेरी लागंल ना?"

लागेल, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी व्हरांड्याच्या टोकाला बसली होती. पुढ्यात घरची जर्मनची परात. तिच्या मनगटावर आता फक्त फिकट डाग होते. वाढणाऱ्या बाईने हात उंच धरून वरूनच भात टाकला. थोडा फरशीवर सांडला. पंगतीच्या मधोमध चेअरमनचा नातू शेजाऱ्याच्या ताटातली मटकी वेचून खात होता. त्याच्या ओठावर ओली खपली होती.