पाचवी खुंटी

क्लबाच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला अकरा लाकडी खुंट्या होत्या, आणि त्या खुंट्यांवर मामांची सत्ता होती. मामा म्हणजे संघाचे कपडे-बूट सांभाळणारे गृहस्थ. सगळे खेळाडू त्यांना मामाच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला मामी. हिरव्या जर्सीवरचा गवताचा डाग कोणत्या साबणाने जातो आणि चिखलाचा कोणत्या, कोण डाव्या पायाने बूट झिजवतो, कोणाला नाडी नवी लागते आणि कोणाला जुनीच शुभ वाटते, हे सगळं त्यांना पाठ. फुटबॉल त्यांना फारसा कळत नव्हता. माणसं कळत होती.

त्या क्लबात संघ जाहीर करायची एक रीत होती. यादी वाचून दाखवायची नाही, फळ्यावर लिहायची नाही. सामन्याच्या सकाळी प्रशिक्षक मामांच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी द्यायचे. तिच्यावर अकरा आकडे असत. मामा त्या आकड्यांच्या जर्सी खुंट्यांवर अडकवायचे आणि उरलेल्यांच्या बाकावर घडी करून ठेवायचे. खेळाडू आत आला की त्याची नजर आधी भिंतीकडे जाई. जर्सी खुंटीवर दिसली तर तो खेळणार, नाहीतर बाकावर जाऊन बसायचं. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. प्रशिक्षकांना सगळे सर म्हणत. सरांना ही रीत आवडायची. "तोंडाने नाही म्हणायला मला जमत नाही, मामा," ते म्हणायचे. "भिंतीला जमतं."

नऊ वर्षांपूर्वीच्या एका सकाळी त्यांनी अशीच चिठ्ठी दिली. वरच्या गटात टिकायला नुसती बरोबरी पुरे होती, असा तो हंगामातला शेवटचा सामना. मामांनी चिठ्ठी उघडली आणि आकडे दोनदा मोजले. तिच्यावर पाच नंबर नव्हता. पाच म्हणजे कप्तान. चौदा वर्षं बचावात उभा राहिलेला माणूस, आणि त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की हा आपला शेवटचा सामना. त्याच्या जागी पंधरा लिहिला होता आणि त्याखाली रेघ ओढली होती. पंधरा नंबरचा खेळाडू चार हंगाम बाकावर बसून होता, म्हणून पोरं त्याला बाकड्या म्हणत. तोही हसून ओ द्यायचा.

कप्तानाचा गुडघा गेलेला होता, हे मामांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पट्टी तेच बांधायचे. तरीही ते पाच नंबरची जर्सी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. चौदा वर्षं धुतलेलं कापड. शेवटच्या दिवशी याने आत यावं आणि रिकामी खुंटी बघावी, हे त्यांच्याने होईना. आणि मग त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. पाचव्या खुंटीवर पाच नंबर अडकवला, पंधरा नंबर घडी करून बाकावर ठेवला. सर येतील, बघतील, ओरडले तर बदलून टाकू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

सर आले. दारात उभे राहिले. त्यांची नजर खुंट्यांवरून फिरत गेली आणि पाचवीपाशी थांबली. मग त्यांनी मामांकडे बघितलं. मामा खाली मान घालून एकच बूट पुन्हा पुन्हा पुसत होते. सरांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "चेंडूंत हवा भरलीत का?"

एवढंच.

संघ दोन गोलांनी हरला. दोन्ही गोल कप्तानाच्या बाजूने झाले. दोन्ही वेळा समोरचा पोरगा त्याच्या शेजारून असा निघून गेला, जसा कोणी दगडाला वळसा घालून जातो. क्लब खालच्या गटात गेला. कप्तान सरांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "संघ मी निवडला. हरलो तो मी." बातमीदाराने ते वाक्य जसंच्या तसं छापलं आणि गावाला खापर फोडायला डोकं मिळालं. आठवड्याभरात सरांच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाने नाही नाही ते लिहिलं गेलं. त्यांच्या मुलीची शाळा बदलावी लागली. अध्यक्षांनी त्यांना घरी बसवलं.

मामा गप्प राहिले. पहिला आठवडा भीतीने. मग, आता सांगून काय उपयोग, म्हणून. ती चिठ्ठी मात्र त्यांना फेकवेना. सुया-बटणांच्या डब्यात तळाशी त्यांनी ती ठेवून दिली. तेव्हापासून पाचवी खुंटी त्यांच्या मागे लागली. तिच्यापाशी हात गेला की अडखळायचा. घरी दोरीवर कपडे वाळत घालतानासुद्धा ते चारानंतर एक जागा मोकळी सोडायचे. "इथं कोण येऊन बसणारे?" मामी विचारायच्या. मामा म्हणायचे, "वारा." मामींनी पुढे विचारायचं सोडून दिलं, पण त्या जागेवर त्याही कधी काही अडकवीत नसत.

यंदा नवे प्रशिक्षक लागोपाठ पाच सामने हरले. मामा दाढीला गेले तर न्हाव्याच्या दुकानात तोच विषय.

"ह्यालाही हाकला," एक जण म्हणाला. "मागचा तसाच, हाही तसाच."

न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "मला एक सांगा राव. मैदानात अकरा गाढवं हुंदडतात आणि तुम्ही बडवता कोणाला? तर गाढववाल्याला!"

"मग गाढवं निवडली कोणी?"

सगळे हसले. "आज संध्याकाळी रंगाचा डबा काढू या," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "जुना उरलाय अजून."

मामांच्या गालावर साबण तसाच होता. ते उठून उभे राहिले. "तुम्हाला काय ठाऊक रे, आत काय होतं!" ते इतक्या मोठ्याने बोलले की न्हाव्याने वस्तरा मागे घेतला. मग त्यांनी स्वतःच टॉवेलने तोंड पुसलं आणि अर्ध्या दाढीनिशी घरी गेले. सुया-बटणांचा डबा उघडला. चिठ्ठी होती.

सर नदीपलीकडे राहत. आता ते शिलाई यंत्रं दुरुस्त करीत. वडिलांचा धंदा होता तो. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांच्या दारात पोचले आणि तिथेच थबकले. भिंत पांढरीशुभ्र होती. जुना लाल रंग कुठेच नव्हता. फक्त खिडकीखाली, वेलीच्या पानांआडून, एक शब्द स्पष्ट दिसत होता: खोटारडा.

दार सरांच्या बायकोने उघडलं. "अगंबाई! मामांना वाट सापडली म्हणायची. नऊच वर्षं लागली." पण लगेच त्यांनी पाणी आणून ठेवलं.

सर एका यंत्राचं पोट उघडून बसले होते. केस सगळे पांढरे झाले होते. मामांनी पाण्याला हात लावला नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून खुंटीपर्यंत. कितीतरी वेळा मनात म्हणून ठेवलं होतं ते. बोलायला लागल्यावर दोन मिनिटांत संपलं. "खापर तुमच्यावर फुटलं, सर. हात माझा होता."

सरांनी तेलाचं बोट फडक्याला पुसलं. "बसा आधी. मला दिसलं होतं, मामा. दारातूनच दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण मला बरं वाटलं." सर हळू बोलत होते, पण अडखळत नव्हते. "रात्रभर मी त्या चिठ्ठीशी भांडलो होतो. कप्तानाला बाहेर ठेवायची हिंमत चिठ्ठीपुरतीच होती. तुम्ही ती जर्सी अडकवलीत आणि मी सुटलो. बदलायला माझ्यापाशी तास होता. मी चेंडूंतल्या हवेची चौकशी केली."

"म्हणजे आपण दोघांनी मिळून हरवलं म्हणा की."

"ते मला आजही सांगता येणार नाही." सर थोडं हसले. "वारा फिरला होता. आपल्या गोलरक्षकाचा पाय घसरला. समोरचे चांगले खेळले, हे तर कोणी बोलतच नाही. बाकड्या खेळला असता तर कदाचित चार गोल बसले असते. त्या हरण्यात माझा वाटा किती? असेल काही. लोकांनी सगळाच दिला, मी घेतला. त्याचं ओझं नाही वाटत मला."

"मग भिंतीवर तेवढं का ठेवलंत?" मामांनी विचारलं. "बाकी सगळं पुसलंत."

सरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांची बायको दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"बाकीचं सगळं हरण्याबद्दल होतं," सर म्हणाले. "हे नाही. आदल्या संध्याकाळी सराव संपल्यावर मी बाकड्याला बाजूला घेतलं. म्हटलं, उद्या तुझी जर्सी खुंटीवर असेल. आईला घेऊन ये. मी कधी कोणाला आधी सांगत नसे, त्याला सांगितलं. चार वर्षं थांबला होता तो. दुसऱ्या दिवशी तो आईला पुढच्या रांगेत बसवून आत आला. भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मी दुसरीकडे बघितलं, मामा."

मामांना आठवलं. त्या दिवशी बाकड्याने बाकावरची जर्सी उचलली होती, घडी न मोडता मांडीवर ठेवली होती, आणि सामना संपेपर्यंत ती तशीच होती. धुवायला आली तेव्हा घडी जशीच्या तशी. मामांना तेव्हा वाटलं होतं, किती टापटिपीचा माणूस!

"गावात मला खोटारडा म्हणायचं कारण एकाच माणसापाशी होतं," सर म्हणाले. "मूर्ख कोणीही म्हणेल. म्हणून तेवढा शब्द ठेवला. तो पूर्ण माझा आहे."

"तुमचा कसा? अर्धा माझा आहे." मामांनी खिशातून चिठ्ठी काढली. घड्यांवर कागद पिवळा पडला होता, पण पंधरा आणि त्याखालची रेघ स्वच्छ होती. सरांनी ती वाचली. हातात मात्र घेतली नाही.

"मला वाटलं होतं, फेकली असेल तुम्ही."

"कोणाला देऊ ही?"

"ज्याची आहे त्याला. मी गेलो तर ती माफी मागणं होईल, आणि माफी मागणारा समोर बसला की ऐकणाऱ्याला मान हलवावीच लागते. तुम्ही नुसतं काय झालं ते सांगा. आणि कप्तानाला यातलं काही कळू देऊ नका. दरवर्षी फोन करतो तो. म्हणतो, शेवटपर्यंत विश्वास ठेवलात."

बाकड्याला शोधायला लांब जायचं नव्हतं. त्या मोसमानंतर त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. आता तो विजेचे मीटर वाचायचं काम करी, आणि मामांची गल्ली त्याच्याच वाट्याला होती. दर दोन महिन्यांनी यायचा, आकडा मोठ्याने म्हणायचा, वहीत लिहायचा, चहा प्यायचा, मामींची विचारपूस करायचा आणि जायचा. सरांचं नाव निघालं तरच त्याचं तोंड कडू व्हायचं. नऊ वर्षं हा माणूस मामांच्या हातचा चहा पीत होता.

तो आला तेव्हा मामांनी आधी चहा दिला नाही. चिठ्ठी दिली.

त्याने ती वाचली. मग उजेडाकडे धरून पुन्हा वाचली.

"हे सरांचं अक्षर."

"हो. सामन्याच्या सकाळचं."

"मग माझी जर्सी…"

"मी काढली. मी बाकावर ठेवली. सरांनी बघितलं आणि ते गप्प बसले. पण लिहिलं होतं त्यांनी. खोटं नव्हतं ते."

बाकड्या ओट्यावर बसला. त्याच्या मांडीवर मीटरची वही होती, आणि तिच्यावर त्याने दोन्ही हात, त्या दिवशी जर्सीवर ठेवले होते, अगदी तसेच ठेवले होते.

"आईला मी सांगितलं होतं की सर ऐनवेळी उलटले," तो म्हणाला. "ती पुढे तीन वर्षं होती. शेवटपर्यंत त्यांना बोल लावायची. तिच्याबरोबर मीही लावायचो. त्या भिंतीवर…" तो थांबला. "आता तिला कुठून सांगू?"

मामा त्याच्या शेजारी ओट्यावर बसले.

"आणि मामा, मी खेळलो असतो तर? जिंकलो असतो?"

"मला फुटबॉल कळत नाही रे."

"नऊ वर्षं सरांना शिव्या घातल्या. आता कोणाला घालू?"

"मला घाल."

त्याने मामांकडे बघितलं. डोळे भरले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात जुनं, बाकावरचं हसू आलं. "तुम्हाला? तुम्ही तर आलं घालून चहा देता."

मामी चहा घेऊन आल्या. त्याने कप हातात घेतला आणि न पिताच ओट्यावर ठेवला. मीटरपाशी जाऊन त्याने आकडा वाचला, मोठ्याने म्हणाला, वहीत लिहिला. चिठ्ठी त्याच पानात ठेवून वही मिटली आणि तो गेला.

दोन महिन्यांनी ठरल्या दिवशी मामींनी दोन कप काढून ठेवले. मामांनी सकाळीच दाढी केली होती. दारावर थाप पडली, पण बाहेर कोणी वेगळाच उभा होता. खांद्याला पिशवी, हातात कोरी वही.

"आधीचे कुठं गेले?" मामांनी विचारलं.

"त्यांनी ही गल्ली सोडली, काका. नदीपलीकडचा भाग मागून घेतला. लांब पडतो त्यांना, साहेबही म्हणाले, कशाला? पण हट्टच धरला त्यांनी."

"नदीपलीकडे कुठं?"

"त्या शिलाई यंत्रवाल्यांच्या बाजूला."

नव्या माणसाने आकडा मनातल्या मनात वाचला आणि लिहून घेतला. मामींनी चहा विचारला, तर म्हणाला, उशीर होतोय. तो गेल्यावर मामा परसात आले. दोरीवर चार कपडे होते, मग मोकळी जागा, मग पुढचे. पलीकडे, नदीच्या त्या काठाला, या घटकेला कोणीतरी एका पांढऱ्या भिंतीपुढे उभं असेल. तो दारावर थाप मारील, की नुसता आकडा लिहून परत फिरेल, ते मामांना काही केल्या दिसेना. ते बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. आतून मामींनी विचारलं, दुसरा कप ओतून टाकू का. मामा म्हणाले, राहू दे.