गाळलेला रायोन

काकांनी पाच वर्षं मुलाला पत्र लिहिलं नव्हतं. माझा हा चुलतभाऊ शिकायला लेनिनग्राडला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला, आणि काकांनी बोलणं टाकलं. मग सोव्हिएत संघ फुटला, त्या शहराचं नावही बदललं, तेव्हा एका दुपारी काका दांडिया बाजारातून चालत आमच्या नागरवाड्यातल्या घरी आले. हातात पत्र. ‘सुनेला घेऊन घरी ये,’ एवढाच मजकूर आणि वर तारीख.

मी रशियनचा सर्टिफिकेट कोर्स केलेला, म्हणून पत्ता मी लिहायचा. पाठवणाऱ्याचा पत्ताही माझाच. शेजाऱ्यांना कळायला नको.

“तिकडे सगळं उलटं असतं,” मी म्हणालो. “आधी शहर, मग रायोन, रस्ता, घर. माणूस शेवटी.”

“माणूस शेवटी! म्हणून तर राज्य बुडालं. आणि रायोन म्हणजे काय रे?”

“शहराचा जिल्हा. आपल्या म्युनिसिपालिटीच्या वॉर्डासारखा.”

“वॉर्ड कोण लिहितो पत्त्यात? मला तर माझा ठाऊकही नाही.”

मलाही माझा ठाऊक नव्हता. भावाच्या जुन्या कार्डावर ‘व्हिबोर्गस्की रायोन’ स्पष्ट होतं. पण शहराचंच नाव गेलं, तिथे जिल्ह्याचं राहिलं असेल का? काही कळेना. मी ते गाळलं आणि काकांना ठामपणे म्हणालो, “चालतं.”

काका टपालाच्या वेळी आमच्याकडे येऊन बसू लागले. चार महिन्यांनी पाकीट अपुऱ्या पत्त्याचे शिक्के घेऊन परत आलं. त्या दिवशी ते आले नव्हते, याचं मला बरंच वाटलं. मी तेच पत्र नव्या पाकिटात घातलं, रायोन लिहिला, टाकलं. कुणाला सांगितलं नाही. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी काका गेले.

त्यानंतर भाऊ आला, एकटाच. मी विचारलं, “पत्र मिळालं होतं?”

“मिळालं. पण तारीख पाहिली. लिहून पाच महिने ठेवून दिलं होतं बाबांनी. वाटलं, आईनेच रेटून टाकायला लावलं असेल. म्हटलं, खरंच हवे असू तर दुसरं येईल.” मग त्याने विचारलं, “पाच महिने कसला विचार करत होते रे?”

“काकांचा स्वभाव तुला माहीतच आहे,” मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून समजत नाही. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो, त्याची बॅग उचलून डब्यात ठेवली, गाडी वीस मिनिटं उभी होती, आणि तेव्हाही मी बोललो नाही.