नाइला आपांचा चक-चक

ऑफिसमधून निघताना शेजारच्या तिमुरचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. बाहेर रेडमंडचा पाऊस पडत होता आणि मी पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता नुसतीच बसून राहिले…

२००२ च्या हिवाळ्यात लग्न होऊन मी इथे अमेरिकेत आले, तेव्हा माप ओलांडायला लावणारं कुणी नव्हतं. निखिल बॅगा ओढत पुढे निघाला, इतक्यात शेजारचं दार उघडलं आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या एक ठेंगण्या बाई ताट घेऊन आल्या. ताटात तळलेल्या पिठाच्या इवल्या तुकड्यांचा, मधाच्या पाकात बांधलेला डोंगर! "नवी सून? फर्स्ट स्वीट!" म्हणत त्यांनी मला घासच भरवला. याच नाइला आपा. रशियातल्या कझानहून मुलाकडे, तिमुरकडे, राहायला आलेल्या तातार बाई. त्यांच्याकडे सुनेचं स्वागत या चक-चकनेच होतं.

माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. निखिल गेला की घर खायला उठायचं. पुण्याला परत जावं, असं रोज वाटे. आपांना ते न सांगताच कळलं असावं. त्यांनी मला सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मध उकळताना त्यांनी एक थेंब गार पाण्यात टाकला, तो घट्ट झाला आणि मी ओरडले, "गोळीबंद!" तेव्हापासून त्यांच्याही पाकाचं नाव 'गोलीबन' पडलं. पुढे मला नोकरी लागली, तरी शनिवारची दुपार त्यांचीच राहिली.

गेल्या वर्षी तिमुरचं लग्न ठरलं, तोवर संधिवाताने आपांची बोटं वळेनाशी झाली होती. "एमिली घरात येणार आणि मी रिकाम्या हाताने उभी राहू?" त्या रडू लागल्या. मी म्हटलं, "आपा, तुम्ही नुसतं सांगा, मी करते." दिवसभर त्या खुर्चीत बसून मला रागावत होत्या. एमिली घरात आली तेव्हा घास मात्र त्यांनीच भरवला, न वळणाऱ्या बोटांनी. एमिलीने दुसरा मागितला, तेव्हा आपांचा चेहरा…

आपांना जाऊन महिना झाला, आणि परवा एमिलीने बोलावलं. तिला सातवा महिना आहे. "मावशी, टीच मी. बेबी यायच्या आत." आपांच्याच ओट्यावर आम्ही पीठ मळलं, तळलं, पण पाक कच्चा राहिला आणि डोंगर ताटभर पसरला. तिमुरने चमच्याने खाऊन पाहिला. "आई असती तर पुन्हा करायला लावला असता," तो हसत म्हणाला, आणि डोळे पुसू लागला.

एमिलीने पिठाचा डबा पुन्हा उघडला.