एकच रिंग

दरड कोसळलेल्या गावात मदतीला जाताना नवऱ्याने ठरवून दिलं होतं. तिथे चार्जिंगचे वांधे, म्हणून संध्याकाळी तो एकच रिंग देऊन फोन बंद करणार. रिंग आली की तो सुखरूप आहे असं समजायचं.

त्याचे वडील आमच्याकडेच, सीवूड्सला राहायचे. दुपारी ते आणि मी एक पुस्तक आलटून पालटून मोठ्याने वाचायचो. नवरा तिकडे असताना एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. मी दिवसभर फोन लावत राहिले, मेसेज टाकत राहिले. एकुलत्या एका मुलासाठी थांबायला हवं, म्हणून सोसायटीतल्या माणसांनी बर्फ आणला आणि माझ्या फोनकडे बघत सगळे बसून राहिले.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलेपर्यंत तो कापला गेला. लगेच उलट लावला, तर बंद.

"काय म्हणाला गं?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"सुखरूप आहे."

काकांनी वितळत आलेल्या बर्फाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, आता न्यायला हवं."

अग्नी मी दिला.

सुतक फिटल्यावर सोसायटीने परतलेल्या नवऱ्याचा सत्कार केला. शाल सावरत तो माइकवर म्हणाला, "घरचं सगळं हिने निभावलं. बाबांचंही. म्हणून मला तिथे मन लावून काम करता आलं."

लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या, त्यामुळे मला हसावं लागलं.