बेखमीर भाकर

त्या वर्षी माणदेशात विहिरींचे तळ दिसू लागले आणि आबांनी ठरवलं, कराडला जायचं. तिथं नदीकाठच्या एका गुऱ्हाळावर त्यांना काम मिळालं होतं. मी पंधरा वर्षांची होते आणि मला कधी एकदा निघतो असं झालं होतं. दिवसभर घागर घेऊन ताटकळायचं आणि शेवटी गढूळ पाणी घरी आणायचं, याचा मला वीट आला होता. आई मात्र काहीच आवरायला घेत नव्हती. घरामागच्या बांधाजवळ माझा धाकटा भाऊ पुरलेला होता. वर्षाचा व्हायच्या आतच तो तापानं गेला. त्याला सोडून यायला ती तयार नव्हती.

आमचं घर ख्रिस्ती. अडचण कुठलीही असो, आबा पवित्र शास्त्र उघडायचे. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गुलाम लोक मिसर देशातून बाहेर पडतात तो भाग काढला आणि जाहीर केलं, "आज आपनबी तसंच जेवायचं. उभ्यानं. कंबर कसून, पायात वहाणा घालून. बेखमीर भाकर आन कडू पाला."

"आवं, आपल्या भाकरीत पीठ फुगवायचं खमीर असतंय तरी कवा?" आई म्हणाली. "रोजच बेखमीर खातोय आपन."

आबा गडबडले. इतकी वर्षं वाचूनही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला हसू फुटलं. मग सावरून ते म्हणाले, "त्यास्नी पीठ फुगंस्तवर थांबाय सवड न्हवती, म्हनून तशी भाकर. घाई म्हत्त्वाची हाय, भाकर न्हवं."

घाई मला चांगलीच कळत होती. शेजारी पाडव्याला खातात तसा कडुलिंबाचा कोवळा पाला मी तोडून आणला आणि भाकरी हातात घेऊन उभी राहिले. पाय एका जागी ठरत नव्हते. सामान बैलगाडीत चढलेलं होतं. आई चुलीपुढून हललीसुद्धा नाही.

"मी बसूनच खानार," ती म्हणाली.

आबांचा आवाज चढला. "अगं, ती मानसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून गेली!"

"आन त्यांची मेलेली मानसं? ती तिथंच टाकली?"

आबांना शास्त्राच्या बाबतीत खोटं बोलता येत नसे. त्यांनी नाइलाजानं पुढचं वाचून दाखवलं. त्या लोकांच्या एका पूर्वजानं मरताना शपथ घालून ठेवली होती, की जाल तेव्हा माझी हाडं इथं ठेवू नका. म्हणून निघताना त्यांनी ती बरोबर घेतली होती.

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "त्यो म्हातारा व्हता. त्यानं शपथ घातली. माझ्या लेकराला बोलाय कुठं येत व्हतं?"

आबा तरातरा बाहेर गेले. रागावले असं वाटून मी मागोमाग दारात आले, तर ते गाडीतल्या सामानातून कुदळ ओढून काढत होते.

"अगं," त्यांनी तिथूनच आईला विचारलं, "त्याचं दुपटं हाय का अजून?"