मी बदललेले तीन प्रश्न

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. लेक चार वर्षांची होती. तिच्या बालवाडीतल्या बाईंनी कळवलं, ही कोणात मिसळत नाही, एकदा तपासून घ्या. मी लगेच तपासणीची वेळ घेतली.

नोव्हेना भागातल्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्नावली दिली. मुलीला दिवसभर जो सांभाळतो त्याने ती भरायची. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला सासरे सांभाळायचे, आणि त्यांचं इंग्रजी जेमतेम. "मराठीत करून आणाल का?" बाईंनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी, मला काय अवघड!

सुरुवातीला प्रामाणिक होते. 'स्वतःच्या हाताने जेवते का?' आमच्याकडे आजोबा कौतुकाने भरवतात, म्हणून तिथे 'कोणी भरवलं नाही तर' असं जोडलं, तेही बाईंना विचारून. मग पुढचा प्रश्न आला: 'लागलं की तुमच्याकडे धावत येते का?' माझा हात थांबला. ती येत नसे. सोफ्यामागे जाऊन गप्प बसायची. मी लिहिलं, 'लागलं की रडते का?' रडायची ती, थोडंसं. असे तीन प्रश्न मी गुळगुळीत करून टाकले.

सासऱ्यांनी चष्मा लावला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचत खुणा केल्या. "बघ, सगळं छान आहे. उगाच जिवाला घोर लावून घेतेस," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

कागद घेताना बाई सहज बोलून गेल्या की त्यांची एक मराठी सहकारी हे परत इंग्रजीत करेल, मूळ प्रश्नांशी ताडून बघायला. नेहमीची पद्धत आहे. पुढचा आठवडाभर मी एमआरटीच्या मेट्रोत उभ्याउभ्या सबबी पाठ केल्या. लबाड आई म्हणून शिक्का बसेल, आणि माझ्या लबाडीची शिक्षा पोरीला होईल, एवढंच डोक्यात घोळायचं.

आठवड्याने बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल केले होते. मी सबब सुरू केली आणि मधेच रडू कोसळलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आजोबांची उत्तरं मी पुन्हा घेईन. तुमची या तीन गोलांत मिळाली."

"मी कुठे काय भरलंय?"

त्यांनी एका गोलावर बोट ठेवलं. "लागलं की ती कुठे जाते?"

"सोफ्यामागे," मी म्हणाले.