निम्म्या किमतीतले खून

ठाकूरद्वारच्या नाक्यावर एक चावीवाला बसतो. नाव ठाऊक नाही. पण त्याने मोबाइलवर जितके खून वाचलेत, तितके साऱ्या मध्ययुगात मिळून झाले नसतील. खून जुन्या काळातलाच हवा, किल्ल्यातला नाहीतर मठातला, आणि ई-बुक सवलतीतलंच. पूर्ण किमतीच्या खुनाला तो हात लावत नाही.

परवा मी दाराबाहेर असताना माझ्या घराचं लॅच लागलं. चावी आत, आणि गॅसवर सासूबाईंच्या बासुंदीचं दोन लिटर दूध! मी धावत नाका गाठला.

"चला हो, दूध आटतंय!"

"एक मिनिट, साहेब. सवलत बाराला संपते." अंगठ्याने धडाधड तीन खून खरेदी करून तो उठला.

दारापाशी त्याने मोबाइल माझ्याच हातात दिला. "मोठ्याने वाचा. राजवैद्याचं प्रेत बंद खोलीत सापडलंय."

मी वाचू लागलो. त्याची तार लॅचमध्ये फिरत होती. करपल्याचा वास एव्हाना चौपाटीवरच्या भेळेला लागला असणार. दहा पानं झाली.

"छ्या!" तो म्हणाला. "लिहिणाऱ्याला कुलपातलं काही कळत नाही. असलं दार दीड मिनिटात उघडतं."

"मग उघडा ना!"

"उघडलंय केव्हाच. खुनी कळेपर्यंत धरून ठेवलंय."

खोटं कशाला बोलू? गॅस त्यानेच आत जाऊन बंद केला. मी उंबऱ्यावर उभा राहून पुढचं पान वाचत होतो.